वैद्याचं शिकणं कुठे संपतं?

या व्याख्यानमालेच्या संयोजकांनी आम्हाला विषय दिला तो 'डॉक्टरांचे शिक्षण'. आम्ही त्यांना म्हटलं, अहो, आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. आमची डॉक्टरेट आहे खरी, पण तिचा ताप उतरवायला काही उपयोग होत नाही. एकदा रेल्वेच्या डब्यात आरक्षणाच्या यादीत 'डॉ.' पाहून टी.सी. आम्हाला एका आजारी बाईंकडे घेऊन गेला होता. त्या दिवशी वाटलेली लाज अजून आठवते. (हशा)

तरीही आम्ही हा विषय घेतला, त्याला कारण आहे. 'शिकणं म्हणजे काय' हा आमच्याच घरचा प्रश्न आहे, आणि वैद्यकाइतका तो दुसरीकडे कुठेही धारदार होत नाही. आम्ही कांटवर चुकीचं बोललो तर परीक्षेत एखाद्या मुलाचे दोन गुण जातील. डॉक्टर चुकला तर काय जातं, ते सांगायला नको.

आज आपण वैद्यकीय महाविद्यालयांचा सगळा इतिहास बघणार नाही. कुठल्या साली कुठली इमारत उभी राहिली, याच्या याद्या तुम्हाला सहज मिळतील. आपल्याला वेगळा धागा पकडायचा आहे. विद्यार्थी डॉक्टर होतो, पाटी लावतो. त्यानंतर पुढची चाळीस वर्षं तो कुठे शिकतो? कुणाकडून शिकतो? आणि चुकला, तर ती चूक तो कुणाला सांगतो? हा तिसरा प्रश्न लक्षात ठेवा. शेवटी आपण तिथेच येणार आहोत.

कोहळ्यावरची शस्त्रक्रिया

सुरुवात आपल्या जुन्या ग्रंथांपासून करू. अभिमानाने छाती फुगवण्यासाठी नाही, आणि नाक मुरडण्यासाठीही नाही. ते ग्रंथ काय सांगतात ते नीट वाचण्यासाठी.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात 'योग्यासूत्रीय' नावाचा एक अध्याय आहे. योग्या म्हणजे सराव. शिष्याने सगळं शास्त्र पाठ केलं तरी त्याच्याकडून सराव करून घ्यावा, असं तिथे सांगितलं आहे. आणि सराव कशावर? छेद घ्यायला कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी. भेद करायला पाण्याने किंवा चिखलाने भरलेली कातडी पिशवी. खरवडायला केसांसकट कातडं. शीर टोचायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. रुतलेली वस्तू बाहेर काढायला फणसाच्या गऱ्यातली बी. पट्टी बांधायला कापडाचा बाहुला. आज वैद्यकीय महाविद्यालयांत 'स्किल लॅब' असते, तिथे रबरी हातावर सलाइन लावायला शिकवतात. कल्पना तीच आहे. जिवंत माणसावर पहिला हात चालवायचा नाही.

सुश्रुत आणखी एक गोष्ट बजावतो. ज्याला फक्त शास्त्र येतं आणि कृती येत नाही, तो रोग्यासमोर भांबावतो, जसा भित्रा माणूस रणांगणावर. ज्याला फक्त कृती येते आणि शास्त्र येत नाही, त्याला तर तो अधिकच धोकादायक मानतो. दोघेही अर्धेच. एका पंखाच्या पाखरासारखे.

आमच्या विषयात हाच प्रश्न ॲरिस्टॉटलने मांडला आहे. वैद्य 'मनुष्य' बरा करत नाही, तो कॅलियस नावाच्या एका विशिष्ट माणसाला बरं करतो. शास्त्र असतं सामान्याचं. रोगी मात्र नेहमी एक, नाव-गाव असलेला. पुस्तकातला न्यूमोनिया आणि समोर खोकणारे आजोबा यांच्यात जी दरी आहे, ती ओलांडायला शिकणं म्हणजे वैद्यकीय शिक्षण. आणि ही दरी पदवी मिळाली म्हणून बुजत नाही, कारण उद्या येणारे आजोबा वेगळे असतात.

हे चरकाने ओळखलं होतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात आठव्या अध्यायात शिष्याला दीक्षा देताना जे उपदेश आहेत, त्यात एक मोठा मार्मिक आहे: आयुर्वेदाला पार नाही, म्हणून गाफील न राहता सतत त्यात गढून राहावं. शहाण्या माणसाला सगळं जग गुरू असतं. शत्रूनेही उपयोगाचं काही सांगितलं तर ते घ्यावं. बघा, हे पदवीदानाच्या वेळी नाही, शिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं आहे. 'हे कधी संपणार नाही' हे ज्याला मान्य असेल त्यानेच या दारातून आत यावं.

पुढे त्याच अध्यायात 'तद्विद्यसंभाषा' येते. म्हणजे त्याच विद्येतल्या माणसांनी आपसात केलेली चर्चा. चरक तिचे दोन प्रकार करतो. एक संधाय संभाषा, स्नेहाची. दुसरी विगृह्य संभाषा, भांडणाची. दुसऱ्या प्रकारात प्रतिपक्षाला कसं गप्प करायचं याच्या युक्त्याही तो देतो, तो काही भोळा नव्हता. पण पहिल्या प्रकारात निर्धास्तपणे विचारावं, निर्धास्तपणे सांगावं, दुसरा हरला म्हणून हर्ष मानू नये, असं त्याचं म्हणणं. आम्हाला वाटतं, डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाची ही सगळ्यात जुनी आणि अजूनही न पेललेली व्याख्या आहे. आजच्या व्याख्यानभर आपण एवढंच तपासू, की वैद्यकाच्या इतिहासात संधाय संभाषा कधी जमली आणि कधी मोडली.

आणि हो, एक कडू गोष्टही सांगून टाकू. त्याच उपदेशांत, नवरा किंवा पालक जवळ नसेल तर स्त्रीवर उपचार करू नयेत असंही आहे. राजाने ज्यांचा द्वेष केला त्यांच्यावरही उपचार करू नयेत. म्हणजे संभाषेच्या वर्तुळाबाहेर कोण राहिलं, हेही त्याच ग्रंथात दिसतं. या धाग्याकडे आपण परत येऊ.

मुंबईतली आठ माणसं

आता एकदम उडी मारून एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत येऊ. मधल्या काळात हाताने शिकण्याची, विशेषतः प्रेत उघडून बघण्याची परंपरा आपल्याकडे आटत गेली होती. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तेव्हा ती केवढी मोठी घटना मानली गेली ते प्रसिद्धच आहे. गंमत अशी की मधुसूदन गुप्त हे मूळचे संस्कृत कॉलेजात वैद्यक शिकवणारे वैद्य. आणि सुश्रुतात प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून थराथराने बघण्याची रीत लिहिलेली. ग्रंथ होता, हात थांबला होता.

मुंबईत १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली देशी विद्यार्थ्यांसाठी एक वैद्यकशाळा निघाली. तिथे देशी भाषांतून शिकवायचं होतं, आणि त्यासाठी मराठीत पुस्तकं तयार करण्याचा खटाटोपही झाला. सहा वर्षांत, १८३२ साली, ती बंद पडली. पुढे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांनी नव्या महाविद्यालयाचा पाठपुरावा केला, पण १८३८ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली भायखळ्याला सुरू झालं. शेजारी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं रुग्णालय, आपलं जे.जे. महाविद्यालय आणि रुग्णालय एकाच आवारात असणं हा योगायोग नव्हता. पहिले प्रमुख डॉ. चार्ल्स मोरहेड हे एडिंबरोला शिकलेले, पॅरिसला जाऊन आलेले. रोग्याच्या खाटेशी उभं राहून शिकायचं, रोज नोंद ठेवायची, मेल्यावर आत काय सापडलं ते त्या नोंदीशी ताडून बघायचं, ही पॅरिसची रीत त्यांच्या अंगात भिनलेली होती.

१८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली. आठ जण. त्यात भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग. भाऊ दाजी आपल्याला संशोधक आणि समाजसेवक म्हणून माहीत आहेत. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. डॉक्टर म्हणून यांचं शिकणं पदवीनंतर कसं चाललं, याकडे मात्र आपण फारसं बघत नाही.

या पदवीधरांची एक संस्था होती, ग्रँट कॉलेज मेडिकल सोसायटी. मोरहेड यांच्या प्रेरणेने ती सुरू झाली. शहरात वेगवेगळ्या ठिकाणी काम करणाऱ्या या तरुण डॉक्टरांनी एकत्र यायचं, आपल्याकडे आलेला रोगी मांडायचा, निबंध वाचायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. विचार करा. गोऱ्या डॉक्टरांच्या मुंबईत आठ-दहा देशी डॉक्टर. लोकांचा विश्वास अजून बसायचा आहे. वैद्य-हकीम एका बाजूला, साहेब दुसऱ्या बाजूला. अशा माणसांना एकमेकांशिवाय दुसरं कोण होतं? चरकाची संधाय संभाषा भायखळ्याला, इंग्रजीतून, पुन्हा भरली होती, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

'इंग्रजीतून' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. कारण त्या वर्तुळाच्या बाहेरही माणसं होती. १८६० च्या दशकात ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठी-गुजराती वर्ग निघाले, दवाखान्यांतल्या सहायकांसाठी. त्यांच्यासाठी पुस्तकं हवीत म्हणून त्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या सखाराम अर्जुन यांच्यासारख्या माणसांनी मराठीत वैद्यक लिहिलं. त्यांचं 'वैद्यतत्त्व' १८६९ चं. पुढे पुण्यात १८७८ साली बी.जे. मेडिकल स्कूल निघालं. गावोगावच्या दवाखान्यांतून प्रत्यक्ष हात चालवणारी पुष्कळ माणसं या वाटेने आली. पण मानाची सभा इंग्रजीत, आणि कामाची शाळा मराठीत, अशी फाळणी तेव्हाच झाली. ती अजून आहे.

याच सखाराम अर्जुनांच्या सावत्र कन्या रखमाबाई. त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरतेला त्यांनी मोठं काम उभं केलं. त्यांच्या आधी आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं. बायकांना डॉक्टरकडे जाता येत नाही, कारण डॉक्टर पुरुष, हे दुःख घेऊन ती मुलगी फिलाडेल्फियाला गेली. १८८६ च्या मार्चमध्ये पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय काय, तर हिंदू आर्यांमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे ज्या परंपरेने स्त्रीला पुरुषाच्या परवानगीनेच उपचार दिले, त्याच परंपरेचे ग्रंथ उघडून एक स्त्री अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेत होती. पुढच्याच फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली. शिकणं झालं, काम राहिलं. आपल्या वैद्यकाच्या इतिहासात इतकी हुरहूर लावणारी दुसरी गोष्ट आम्हाला माहीत नाही.

कॉलेजात न शिकलेला रोग

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात ताप आणि जांघेत, काखेत गाठी येऊन माणसं मरू लागली. डॉ. अकासियु व्हिएगस, मूळचे गोव्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर, मांडवीत रुग्ण तपासत होते. त्यांनी सांगितलं, ही प्लेगची गाठ आहे.

त्यांचं सांगणं किती धाडसाचं होतं? त्यांच्या पिढीतल्या मुंबईच्या डॉक्टरने प्लेग आपल्या शहरात पाहिलेला नव्हता. प्लेगचा जंतू हाँगकाँगला सापडला १८९४ मध्ये, जेमतेम दोन वर्षांपूर्वी. व्हिएगस यांचं कॉलेज त्याच्या कितीतरी आधी संपलेलं. म्हणजे या रोगाबद्दलचं नवं ज्ञान त्यांना वर्गात मिळणं शक्यच नव्हतं. शिवाय प्लेग म्हणणं म्हणजे बंदर बंद, व्यापार बंद. त्या निदानावर सुरुवातीला वादही झाला. पण गाठ ती गाठ. हा माणूस रोग्याकडे बघून शिकत राहिला होता, म्हणून त्याला ती ओळखता आली.

मग आले वॉल्डेमार हाफकिन. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या खोल्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुढची नसते. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल नावाच्या गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले. सगळे एकाच बाटलीतले. दोष कुणाचा? ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना कामावरून दूर केलं गेलं. पुढे बारकाईने पाहिल्यावर दिसलं की टोचणीच्या जागी बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्यांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये जाहीरपणे बाजू मांडली आणि १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. पाच वर्षं.

या गोष्टीत आपल्या कामाचं काय आहे? चिमटा पडणं ही चूक. माणसाच्या हातून होणारी, साधी. त्या चुकीतून एका दिवसात सगळ्या हिंदुस्थानातले लस टोचणारे शिकू शकले असते. पण चौकशीचा पहिला प्रश्न 'काय घडलं?' हा नव्हता, 'कोण दोषी?' हा होता. हा प्रश्न आधी आला की लोक तोंड मिटतात. विगृह्य संभाषेत कुणी आपली चूक सांगत नाही.

बॉस्टनचा हट्टी सर्जन

याच काळात अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणाची मोठी घुसळण चालली होती. विल्यम ऑस्लर यांनी जॉन्स हॉपकिन्समध्ये विद्यार्थ्यांना वर्गातून काढून वॉर्डात आणलं. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका-कॅनडातली १५५ वैद्यकीय विद्यालयं पाहून अहवाल लिहिला आणि त्यानंतर कित्येक बंद पडली. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, शिक्षक होते. आमच्यासारख्यांना तेवढाच आधार. (हशा)

पण आपल्या धाग्यासाठी महत्त्वाचा माणूस वेगळाच आहे. बॉस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन. त्यांचं म्हणणं इतकं साधं की कुणालाही पटावं: प्रत्येक रोग्याचं शेवटी काय झालं, ते रुग्णालयाने शोधून काढावं आणि बरा झाला नसेल तर का नाही, ते लिहावं. ही कल्पना त्यांच्या मोठ्या रुग्णालयाला मानवली नाही. कॉडमन यांनी तिथला राजीनामा दिला. स्वतःचं छोटं रुग्णालय त्यांनी आधीच काढलं होतं. तिथल्या १९११ ते १९१६ मधल्या ३३७ रोग्यांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात १२३ चुका स्वतः मोजून दाखवल्या. नावानिशी, जाहीर. शहरातल्या डॉक्टरांशी त्यांचे संबंध बिघडले, धंदा बसला.

आज जगभरच्या शिक्षणसंस्थांत रुग्णांचे मृत्यू आणि गुंतागुंती यांवर नियमित बैठका होतात. त्या परंपरेचे एक जनक म्हणून कॉडमन यांचं नाव घेतात. हयातीत मात्र त्यांना एकटं पाडलं. चूक सांगायला एका माणसाचं धैर्य पुरत नाही. ती ऐकणारी सभा लागते.

पाटीवरची अक्षरं

आता थोडं आमच्या लहानपणाकडे. आमच्या तालुक्याच्या गावात एक डॉक्टर होते. पाटीवर 'एल.सी.पी.एस.' अशी अक्षरं. बाकावर गर्दी, आतून कंपाउंडर लाल मिक्श्चरच्या बाटलीला डोसाची कातरलेली कागदी पट्टी चिकटवून देणार. आम्हाला वाटे, ही अक्षरं म्हणजे मोठीच विद्या. पुढे कळलं की १९१२ साली निघालेल्या मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची ती परवानापदवी, एम.बी.बी.एस.पेक्षा खालची मानलेली. आमची आजी मात्र त्यांच्या शब्दाबाहेर नसे.

१९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर होता आणि निम्म्याहून अधिक डॉक्टर असे परवानाधारक होते. समितीने ठरवलं, देशाला एकाच दर्जाचा, पूर्ण शिकलेला 'मूलभूत डॉक्टर' हवा. छोटे अभ्यासक्रम थांबावेत. समितीतल्याच काही सदस्यांनी असहमती नोंदवली: इतक्या लोकांना पुरणार कसे? दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या. दुय्यम दर्जाचा डॉक्टर खेड्याच्या माथी का मारायचा, हा एक प्रश्न. आणि उत्तम डॉक्टर खेड्यात गेलाच नाही तर काय, हा दुसरा. पुढच्या इतिहासाने दुसरा प्रश्न खरा ठरवला. विद्यार्थी शहरातल्या मोठ्या रुग्णालयात शिकले, तिथल्या यंत्रांवर अवलंबून राहायला शिकले आणि यंत्रं जिथे आहेत तिथेच राहिले. त्यावर उतारे शोधले गेले. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी शिबिरासाठी खेड्यात जाऊन राहतात, कुटुंबं दत्तक घेतात. अलीकडे राष्ट्रीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याची कल्पना देशभरच्या अभ्यासक्रमात आणली. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात तर वर्तणूक, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आहे.

पण आमच्या त्या एल.सी.पी.एस. डॉक्टरांचं काय? पाटी लावल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं ते गावात एकटे. पेनिसिलिन आलं, क्षयावरची औषधं आली, पोलिओची लस आली. हे सगळं त्यांच्या कॉलेजनंतरचं. त्यांना ते कुणी शिकवलं? बॅग घेऊन येणाऱ्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीने. तो माणूस वाईट नव्हता. पण विकणारा हाच एकमेव गुरू असेल, तर शिष्य काय शिकेल?

तीस तास

म्हणून नियम आला. २००२ च्या आचारसंहितेत म्हटलं आहे की डॉक्टराने पाच वर्षांत तीस तास निरंतर शिक्षण घ्यावं. महाराष्ट्रात नोंदणीचं नूतनीकरण या गुणांशी जोडलेलं आहे. नियम चांगला. तीस तास म्हणजे वर्षाला सहा तास, हे कमी की जास्त, तो वाद बाजूला ठेवू. प्रश्न असा की त्या तासांत काय होतं.

निवृत्तीनंतर आम्हाला अशा दोन-चार परिषदांत 'नीतिशास्त्र' या विषयावर बोलावलं गेलं. आमचं भाषण जेवणाच्या आधी. सह्यांचं रजिस्टर दाराशी. जेवणानंतर सभागृह निम्मं. आम्ही तक्रार करत नाही, आमचं भाषणही कंटाळवाणं असेल. पण नुसतं बसून व्याख्यान ऐकल्याने डॉक्टरांच्या प्रत्यक्ष वागण्यात फारसा फरक पडत नाही, स्वतःचे रुग्ण मांडून चर्चा केली तर पडतो, हे शिक्षणावरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. भायखळ्याच्या त्या जुन्या सोसायटीने हे अभ्यासाशिवाय ओळखलं होतं.

आता आमच्या मनातली गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंना, दादांना, पोटात दुखू लागलं म्हणून एका रुग्णालयात नेलं. ॲसिडिटी म्हणून दोन दिवस उपचार झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. हृदयाचा झटका होता, दुखणं पोटात भासत होतं. दुपारी जिन्यात एक शिकाऊ डॉक्टर आमच्याजवळ आला. वय असेल चोवीस-पंचवीस. म्हणाला, "सर, पहिल्याच दिवशी कार्डिओग्राम काढायला हवा होता. माझ्या मनात आलं होतं." आम्ही विचारलं, "हे तुमच्या वरिष्ठांना सांगितलंत का?" तो म्हणाला, "तसं बोलायची पद्धत नाही, सर."

आम्हाला त्याचा राग आला नाही. आजही नाही. राग आला तो 'पद्धत नाही' या शब्दांचा. त्या मुलाने सुश्रुताच्या दोन्ही पंखांचं शिक्षण घेतलं होतं. पुस्तकही, वॉर्डही. त्याच्याजवळ नव्हती ती संभाषा. दादांच्या मरणातून त्या रुग्णालयाला जे शिकता आलं असतं, ते जिन्यातल्या एका कुजबुजीत विरलं.

डॉक्टरांच्या बाजूने हेही म्हटलं पाहिजे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. रुग्णाला दाद मागण्याचा हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण त्याबरोबर चूक उच्चारण्याची भीतीही वाढली. आणि जिथे नातेवाईक डॉक्टरवर हात उगारतात, तिथे 'माझं चुकलं' कोण म्हणेल? तेव्हा ती जागा मोडण्यात आपला, समाजाचा, वाटा आहे. आम्हीही त्या दिवशी त्या मुलाला नुसते 'धन्यवाद' म्हणून खाली उतरलो. वर जाऊन, शांतपणे, त्याच्या वरिष्ठांशी बोलायला हवं होतं. आम्ही बोललो नाही.

शेवटी प्लेटोकडे जाऊ. 'लॉज' या संवादात तो दोन प्रकारचे वैद्य सांगतो. गुलामांवर उपचार करणारे वैद्याचे मदतनीस काही विचारत नाहीत, काही समजावत नाहीत, हुकूम सोडतात आणि पुढच्या रोग्याकडे धावतात. स्वतंत्र माणसांचा वैद्य रोग्याशी आणि त्याच्या आप्तांशी बोलतो. त्याला शिकवतो आणि, हे महत्त्वाचं, त्याच्याकडून स्वतःही काही शिकतो. रोग्याला पटल्याशिवाय औषध लिहून देत नाही. म्हणजे संभाषेत तिसरी खुर्ची रोग्याची आहे. आजच्या ओ.पी.डी.त एका डॉक्टरसमोर शंभर रोग्यांची रांग असते, तिथे हुकुमाचंच वैद्यक उरतं. तीस तासांच्या हिशेबात ही खुर्ची कुठेच नाही.

तर वैद्याचं शिकणं कुठे संपतं? चरक म्हणाला, पार नाही. आम्ही त्यात इतकंच घालू, की ते वर्गापाशी संपत नाही, पण जिथे चूक सांगता येत नाही तिथे ते थांबतं. आठ जणांनी भायखळ्याला जी सभा भरवली, ती आठच जणांची होती. तालुक्याच्या गावातही आठ डॉक्टर असतात. महिन्यातून एकदा, प्रायोजकाशिवाय, जेवणाशिवाय, एखाद्याच्या दवाखान्यात बसून प्रत्येकाने आपला एक फसलेला रोगी सांगावा. एवढं झालं तरी पुष्कळ.

*(व्याख्यानानंतरच्या प्रश्नांपैकी एक)*

प्रश्न: सर, वैद्यकीय शिक्षण मराठीतून व्हावं असं तुम्हाला वाटतं का?

उत्तर: १८२६ ची शाळा आणि 'वैद्यतत्त्व' बघता ते अशक्य नाही, हे उघड आहे. मध्य प्रदेशात २०२२ पासून हिंदी पुस्तकं आली आहेत, तिथला अनुभव आपण डोळे उघडे ठेवून बघावा. पण आम्ही प्रश्न थोडा फिरवू. पुस्तक कुठल्याही भाषेत असो, रोगी मराठीत कण्हतो. 'पोटात कळ येते', 'छातीत धडधडतं', 'अंग मोडून आलंय', 'हातापायाला मुंग्या येतात', यातला फरक ज्याला कळत नाही तो कुठल्याही भाषेत शिकलेला असला तरी अर्धाच शिकलेला. दादांनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "पोटात दुखत नाही रे, कुणीतरी आत दाबून धरलंय असं वाटतंय." कागदावर लिहिलं गेलं, पोटदुखी.